टीव्ही बंद केला तर जगाकडे पाठ फिरवल्यासारखं होईल का?

प्रश्न : मी ७४ वर्षांचा. साताऱ्यात राहतो, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. घरात मी आणि पत्नी. मुलगा शारजाला नोकरीत, मुलगी नाशिकला. सकाळी उठल्यापासून रात्री साडेदहापर्यंत आमच्याकडे बातम्या चालू असतात. आखातात काही झालं की मुलाला फोन लावतो, तो कामात असतो, उचलत नाही, मग जीव टांगणीला लागतो. गेल्या महिन्यात कॉलनीजवळच्या चौकात पहाटे फिरायला निघालेल्या एका गृहस्थांना गाडीने उडवलं, तेव्हापासून मी फिरणं सोडलंय. सहकारी बँकेत सात लाख आणि पतसंस्थेत दोन लाख आहेत. बँक बुडाल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो. ओळखीच्या एकांना ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांनी लुबाडलं, आता अनोळखी नंबर आला की हात थरथरतो. रात्री तीनला जाग येते, ती मग सकाळपर्यंत. बायको म्हणते, बंद करा तो टीव्ही. पण जगात एवढं चाललेलं असताना डोळे मिटून बसणं मला पटत नाही. काय करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

डोळे मिटून बसणं तुम्हाला पटत नाही हे आधी जपून ठेवा, त्यात काही चुकीचं नाही. तुमच्या पत्रात पाच काळज्या आहेत. मुलगा, चौक, पैसे आणि फसवणूक या चार काळज्यांवर येत्या महिन्याभरात काही ना काही करता येण्यासारखं आहे. पाचवी जगाची. सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही चालतो आणि तरी या पाचांतली एकही हलकी झालेली नाही, उलट सगळ्या एकमेकींत मिसळून रात्री तीनला एकदम अंगावर येतात. म्हणून त्या आता सुट्या करू.

त्याआधी एक काम. आज संध्याकाळी सात ते आठ वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसा. एखादी नवीन गोष्ट कळली की वेळ टाकून एका ओळीत लिहा. ‘सूत्रांची माहिती’, ‘शक्यता’, ‘चर्चांना उधाण’, ‘प्रश्न उपस्थित’ असे शब्द ज्यात आहेत ती ओळ लिहायची नाही. आधी लिहिलेलं पुन्हा आलं तर त्याच ओळीपुढे एक रेघ मारायची. पडद्याचा कोपराही बघत राहा. स्फोटाचं, आगीचं दृश्य चालू असताना तिथे बारीक अक्षरांत ‘संग्रहित’ किंवा ‘फाइल फुटेज’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते आजचं नसतं. तासाभरानंतर ओळी मोजा आणि रेघा मोजा. दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला चोवीस तास पुरतील एवढ्या बातम्या रोज मिळत नाहीत. मग तीच दृश्यं फिरवावी लागतात, खाली लाल पट्टी, मागे ढोल, आणि सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी बोलताना दाखवावी लागतात. आपल्या शरीराला मात्र हे ‘परत दाखवलेलं’ आहे हे कळत नाही. दहाव्यांदा दिसलेला स्फोट त्याला दहावा स्फोट वाटतो.

याचा अभ्यास झालेला आहे. २०१३ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा अधिक तास त्याचीच दृश्यं आणि बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी हे मांडलं. तेव्हा तुमचा थरथरणारा हात मनाचा कमकुवतपणा समजू नका. इतके तास तेच बघितलं तर तरण्याताठ्या माणसाचंही हेच होतं.

आता वेळापत्रक. सकाळच्या चहाबरोबर आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या ७.१०च्या प्रादेशिक बातम्या ऐका. दहा मिनिटांत संपतात, आणि त्यात कुणी ओरडत नाही. नंतर वर्तमानपत्र, सावकाश. आधी जिल्ह्याची पानं, मग राज्य, देश, परदेश आणि शेवटी पहिलं पान, असा उलटा क्रम धरा. पहिल्या पानावरचं बहुतेक तुम्हाला रेडिओवरून कळलेलंच असतं, आणि पाणी कधी सुटणार, रस्ता कुठे बंद, कोणत्या योजनेच्या अर्जाची मुदत कधी संपते, हे आतच सापडतं. वर्तमानपत्राचा मोठा गुण म्हणजे त्याला शेवटचं पान असतं. संध्याकाळी एकच बातमीपत्र पाहायचं, अर्ध्या तासाचं, साडेसातच्या आत संपणारं. चर्चेचे कार्यक्रम पूर्ण बंद. त्यात माहिती नसते, भांडण असतं.

हे बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतं. पहिले तीन दिवस उत्साह असतो, मग साडेआठला हात आपोआप रिमोटकडे जातो, कारण ती वेळ रिकामी पडलेली असते. म्हणून साडेसात ते साडेनऊ या वेळेत काय करायचं ते आधी ठरवा. जेवण आठला, टीव्हीसमोर नाही, आत. जेवणानंतर पत्नीला तिची मालिका बघू द्या, तुम्हीही शेजारी बसलात तरी चालेल. ती संपली की रेडिओ, हरिपाठ, पत्त्यांचा डाव, मुलीला फोन, जे तुमच्या घरात चालतं ते. रिमोटची जागाही बदला, पत्नीच्या बाजूला ठेवा. हात लांब करावा लागला की मधल्या दोन क्षणांत आठवतं. निवडणुकीचा निकाल, मोठा पूर, युद्धाला तोंड फुटलेलं, अशा दिवशी दुपारी एक बातमीपत्र जादा पाहा आणि दुसऱ्या दिवशी परत पूर्वपदावर या. एक दिवस नेम मोडला म्हणून सगळंच सोडून देऊ नका.

टीव्हीपेक्षा मोबाइल अवघड, कारण तो खिशात असतो. बातमीची सूचना टुण्कन वाजली की तिच्यावर बोट दाबून धरा, तिथल्या तिथे ती कायमची बंद करण्याचा पर्याय येतो. एकेक करत आठवडाभरात सगळ्या गप्प होतात. फोन आणि एसएमएसची सूचना तेवढी चालू राहू द्या. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ते ‘ऑटोप्ले’ बंद करा. भीती घालणारा व्हिडिओ समोर आला तर बाजूच्या तीन टिंबांवर दाबून ‘हे चॅनल सुचवू नका’ निवडा. तुम्ही काय बघता त्यावरून यूट्यूब पुढचं वाढून ठेवतं. रात्री दोनदा युद्ध बघितलं की सकाळी दहा युद्धं समोर येतात. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, मोठे ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे ‘माझे संपर्क’ ठेवा. घरचा ग्रुप, मुलगा, मुलगी आणि दोन-तीन मित्र एवढेच वर राहिले पाहिजेत.

फॉरवर्डबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागात दिवसेंदिवस फिरत होते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटलं असणार, आपण लोकांना सावध करतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच जणांपलीकडे फॉरवर्ड करण्यावर बंदी आणली. आता मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो ओळखीच्या माणसाने लिहिलेला नाही एवढं नक्की समजा. त्यात गावाचं नाव, तारीख, पोलीस ठाणं आहे का ते पाहा. नसेल तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर शोधा. मूल पळवल्याची खरी घटना तुमच्या तालुक्यात झाली तर ती तिथे येणारच. सरकारी योजना, बंद होणाऱ्या नोटा, नवे कर अशा मेसेजची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाकडे होते. एक रात्र थांबून पाठवण्याने कुणाचं नुकसान होत नाही. घाईत पाठवण्याने काय होतं ते राईनपाड्यात दिसलं.

आता मुलगा. शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे दुपारचे बारा म्हणजे तिथे साडेदहा, ऐन कामाची वेळ. तो फोन उचलत नाही याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. त्याच्याशी एक ठरवून टाका : रोज आपल्या रात्री नऊ वाजता, त्याच्या साडेसातला, पाच मिनिटं बोलायचं, आणि तिकडे काही घडलं तर त्याने फक्त ‘ठीक आहे’ एवढा मेसेज टाकायचा. मोठ्या घटनेनंतर सगळेच एकदम फोन लावतात, लाइन जाम होते, आणि लागत नाही म्हणून भीती आणखी वाढते. अशा वेळी छोटा मेसेज लवकर पोहोचतो. तुम्हीही फोन न लावता मेसेजच करा, आणि त्याला वेळ द्या.

शिवाय एक कागद तयार करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर मुलाच्या घराचा पत्ता, कंपनीचं नाव आणि फोन, एका सहकाऱ्याचा नंबर, पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक व त्यांची मुदत. शारजाचा कारभार दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो, अबूधाबीच्या राजदूतावासाकडे नाही. दुबईचा मदत क्रमांक मुलाकडून घेऊन त्याच कागदावर लिहा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर त्याला नूतनीकरण करायला सांगा, आणीबाणीत अडचण होते ती इथेच. आपल्या देशाला माणसं परत आणण्याचा अनुभव आहे : १९९० साली कुवेतवर आक्रमण झालं तेव्हा एक लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आले, २०१५ साली येमेनमधून आणले गेले, २०२२ साली युक्रेनमधून. बातमी आली की आधी कपाट उघडून कागद बघा. त्यावर करण्यासारखं काही दिसलं तर करा, नसेल तर रात्री नऊची वाट पाहा.

पैशांचं काम तर हिशेबाचंच आहे, आणि ते या आठवड्यातच करून टाका. बँकेतल्या ठेवींना ‘डीआयसीजीसी’ या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधलं बचत, चालू, मुदत ठेव असं सगळं एकत्र मोजतात. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका यात येतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तेव्हाचे रांगांचे फोटो तुमच्या डोळ्यांसमोर असतील. त्यानंतर २०२१ साली कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत ठेवीदाराला मिळावी अशी तरतूद आहे.

म्हणजे तुमच्या सात लाखांपैकी पाच लाख विम्याखाली आहेत, दोन लाख उघडे. ते तसेच ठेवायचं काही कारण नाही. सगळ्यात आधी मुदत संपणारी ठेव पाहा. ती संपली की अडीच लाख दुसऱ्या बँकेत हलवा. पाच लाखांच्या काठावर ठेवू नका. साडेचार लाखांपर्यंत मुद्दल ठेवलं तर साठणारं व्याजही विम्यात बसतं. त्याच बँकेत पत्नीच्या एकटीच्या नावाने ठेव केली तर तिची मर्यादा वेगळी धरतात, पण पैसे तुमचे असले तर ते व्याज आयकरासाठी तुमच्याच उत्पन्नात धरतात हे लक्षात असू द्या. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांची मुदत, दर तीन महिन्यांनी व्याज, आणि हमी सरकारची. ठेव मुदतीआधी मोडायची झाली तर दंड किती ते बँकेत विचारून आकडा कागदावर घ्या, घाबरून मोडू नका.

पतसंस्थेचं मात्र वेगळं आहे आणि इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बाहेर पाटी बँकेसारखी, आत काउंटर बँकेसारखं, पासबुकही तसंच. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नसते, ती सहकार खात्याखाली येते, आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. जाऊन वार्षिक अहवाल मागा. लेखापरीक्षणाचा वर्ग पाहा (अ, ब, क, ड असा असतो), थकबाकी आणि एनपीएचे (वसुली थांबलेल्या कर्जांचे) गेल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, किंवा आकडा दरवर्षी चढता दिसला, तर मुदत संपताच दोन लाख काढून घ्या. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जादा व्याज मिळतं त्यामागे ही जोखीम असते. आमचं मत विचाराल तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी पतसंस्थेत जेवढं बुडालं तरी चालेल तेवढंच ठेवावं. सगळ्या ठेवींवर वारस नोंद आहे की नाही तेही त्याच फेरीत तपासा. पावतीवर ‘नामनिर्देशन नोंदवले’ असं छापलेलं असायला हवं.

फसवणुकीच्या फोनची भीती ही बातम्यांच्या भीतीची सख्खी बहीण आहे. ती माणसं घाबरलेल्या माणसावरच जगतात. दिवसभर अटक, छापे, ड्रग्ज, ईडी हे शब्द कानावर पडलेले असतात आणि त्यात कुणी फोनवर सांगतं, तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, आणि पहिली अट : घरात कुणाला सांगायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. हीच त्यांची खूण आहे. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम्स, न्यायालय यांतलं कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही.

फोनजवळ एक पुठ्ठा ठेवा, मोठ्या अक्षरांत लिहिलेला : ‘फोन ठेवा. मुलीला सांगा. १९३०.’ अनोळखी नंबर घ्यायलाच हवा असं नाही. ज्याचं खरंच काम असेल तो मेसेज करेल. उचललात आणि पलीकडून धमकी सुरू झाली तर उत्तर न देता ठेवून द्या. खरा पोलीस असेल तर तो ठाण्यात बोलावेल किंवा घरी येईल. पैसे गेलेच तर लाजेखातर एक मिनिटही घालवू नका. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन, मग आपल्या बँकेला, आणि नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जात असतात. तक्रार लवकर गेली तर ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आणि आतापासूनच दोन गोष्टी करा : ज्या खात्याला मोबाइल आणि यूपीआय जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, आणि बँकेतून यूपीआयची रोजची मर्यादा पाच-दहा हजारांवर आणा. ऑनलाइन बँकिंगमधून मुदत ठेव मोडण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करून घ्या. या फसवणुकीत ठेवी मोडायला लावतात.

चौकाचं वाचून वाईट वाटलं. अशा घटनेनंतर पाऊल बाहेर पडत नाही हे साहजिक आहे. पण फिरणं सुटलं की झोप जाते, साखर-रक्तदाब बिघडतो आणि दिवस टीव्हीसमोर जातो. तुमचं टीव्ही बघणं वाढलं त्याला हेही एक कारण असणार. पहाटेचा अंधार सोडा. उजाडल्यावर, साडेसहा-सातला निघा. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. डाव्या कडेने चाललात तर ती पाठीमागून येते. पांढरा किंवा पिवळा सदरा, कानात काही नाही, चौक ओलांडताना फोन खिशात. दोघं मिळून गेलात तर उत्तम. पहिले आठ दिवस चौकाकडे जाऊच नका, कॉलनीतल्या कॉलनीत वीस मिनिटं पुरेत. मग एकदा दिवसाउजेडी कुणाला तरी बरोबर घेऊन तो चौक पार करा.

आणि त्या चौकासाठी अर्ज करा. रस्ता नगरपरिषदेचा असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्ध्या पानाचा अर्ज : जागा नेमकी कुठली, अपघाताची तारीख, बंद असलेल्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक (खांबावर रंगवलेला असतो), मागणी काय. गतिरोधक, पांढरे पट्टे, दिवा, जे हवं ते. खाली कॉलनीतल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्या शिक्क्याशिवाय अर्ज दिलाच नव्हता असं होतं. महिनाभर काही झालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे आणि लांबलेले अर्ज त्यावरच परत येतात. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका, त्याला ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं स्टॅम्प. इतक्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही फायली हाताळल्या असतील, तर हे तुमच्याइतकं नीट कॉलनीत कुणी करणार नाही. जगात चाललेल्याकडे डोळे उघडे ठेवायचे म्हणता ना, त्याची सुरुवात इथून करता येईल. दूरच्या पुराची, दुष्काळाची बातमी वाचली तर मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा तुमच्या माहितीतल्या संस्थेला जमेल ती रक्कम पाठवा आणि त्या दिवशी ती दृश्यं परत बघू नका.

झोपेचं शेवटी, पण ते सगळ्यात तातडीचं आहे. रात्री तीनला जाग आल्यावर घड्याळ बघू नका आणि मोबाइलला हात लावू नका. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, जुनं काही वाचा, जप करा, डोळे जडावले की परत या. अंथरुणात पडून कूस बदलत राहिलात तर अंथरूण आणि काळजी यांची सांगड बसते. किती वाजताही झोप लागली तरी उठायची वेळ एकच. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत. चारनंतर चहा नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा जाग तिच्यामुळे येते आणि काळजी मागून येते. झोपेची गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. या वयात ती घेऊन रात्री उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होऊन बसतं.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन याच. हात थरथरणं काळजीने होतं, तसं थायरॉइडने आणि काही औषधांनीही होतं. थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला तर ते काळजीमुळेच असेल असं घरी ठरवू नका, १०८ला फोन करा. वेळापत्रक पाळूनही दोन-तीन आठवड्यांत उदासी, धडधड, जेवणावरची वासना उडणं हे कमी झालं नाही, किंवा जगून काय उपयोग असे विचार आले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. इतर अडचणींसाठी ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

मोबाइलमधले बदल तुम्ही एकट्याने करत बसू नका. हे उत्तर मुलीला वाचायला पाठवा. ती पुढच्या वेळी नाशिकहून आली की तासाभरात सगळं करून देईल, आणि तेव्हाच कपाटाच्या दारावरचा तो कागद तिच्याकडून एकदा तपासून घ्या.